दोरी दिसली पाहिजे

टीव्हीवर वाघ दिसला की मी आधी दोरी शोधतो. वाघाच्या गळ्यात नव्हे, त्याच्या पुढ्यातल्या जनावराच्या पायात. ती दिसत नाही आणि माझं डोकं फिरतं. आता कोणी बांधत नसतील, कबूल आहे. पण ती मुद्दाम हळू केलेली झेप, मागे बडवलेले ढोल आणि 'मृत्यू दबक्या पावलांनी जवळ येत आहे' असं सांगणारा तो घोगरा निवेदक, हे सगळं एकत्र आलं की मला बसवत नाही. नातवंडं म्हणतात, आजोबा, आम्हाला तरी सुखानं पाहू द्या. मग मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.

हा रोग मला मोरेश्वर पराते या माणसानं लावला. ते कॅमेरामन होते आणि मी आयुष्यात पाहिलेल्या माणसांत सगळ्यांत रागीट होते. त्यांचा राग तेव्हा मला अतिरेकी वाटायचा. आता वाटतं, कमीच होता.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्याच तोऱ्यात वावरत होतं. सीताबर्डीवर एका कापडदुकानाच्या माडीवर 'गोंडवन चित्रमंडळ' अशी पाटी लागली. मालक भैयासाहेब. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली, तिच्याबरोबर जंगल गेलं, जंगलाबरोबर शिकार गेली, तेव्हा त्यांनी बंदूक भिंतीला टांगून कॅमेरा विकत घेतला. रानातल्या प्राण्यांवर छोटे माहितीपट काढायचे, ते थेटरात मुख्य खेळाच्या आधी दाखवायचे आणि शाळाशाळांतून फिरवायचे, असा त्यांचा बेत होता. कार्यालयाच्या भिंतींवर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेल्या भैयासाहेबांचे फोटो होते. निसर्गाची चित्रं काढणाऱ्या कंपनीच्या भिंतीवर हे फोटो असावेत, याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मी तिथं निवेदनं लिहायला लागलो होतो. कॉलेजातून नुकता सुटलो होतो आणि शब्दांची मला फार हौस होती.

पराते तेव्हा पस्तिशीच्या घरात असतील. हाडकुळे, सावळे, पायजम्यावर खाकी सदरा. युद्धात फौजेच्या फोटो-विभागात होते. तिथं कॅमेरा शिकले, इंग्रजी शिव्या शिकले आणि वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणायलाही शिकले. घर तांडापेठेत, कोष्ट्यांच्या वस्तीत. वडील उमरेडहून आलेले, जन्मभर हातमागावर बसलेले. त्यामुळे असेल, पण परातेंच्या बोलण्यात शूटिंग हा शब्द नव्हता. ते म्हणायचे, "आज बसायचं आहे." कुठं चालले विचारलं तर, "बसाले." बाप मागावर बसतो, मी झुडपात बसतो, यापलीकडे त्यांना त्यात काही फरक दिसत नव्हता.

मी लिहिलेलं पहिलं निवेदन नीलगाईंवर होतं. 'भोळ्याभाबड्या डोळ्यांची ही रानकन्या' अशी सुरुवात होती आणि मी ती दोन-तीन जणांना वाचूनही दाखवली होती. परातेंनी कागद हातात घेतला, उभ्यानंच वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे भोळी आहे, हे तुले कोणं सांगतलं?"

"म्हणजे, तिचे डोळे तसे दिसतात ना, परातेजी."

"तिचे डोळे दिसतात ना? मंग लोकायलेही दिसतीन. तू काहून मधात येऊन राहिला गा? तू चूप राहिला तं तिचे कान हालतात ते तरी दिसतीन."

मग त्यांनी मला खोलीत अंधार करून तोच तुकडा दाखवला, आवाजाशिवाय. नीलगाय चरत होती आणि तिचा एक कान सारखा मागे वळत होता. मी निवेदन लिहिण्यापूर्वी तो तुकडा चारपाच वेळा पाहिला होता. कान मला दिसला नव्हता. तेव्हापासून ते मला 'लेखक' म्हणू लागले. त्यात कौतुक नव्हतं.

आता दोरीचं सांगतो. भैयासाहेबांना वाघाची शिकार हवी होती. वाघानं केलेली, माणसानं नव्हे. त्या सुमारास कस्तूरचंद पार्कवर एका सर्कशीचा तळ पडला होता. तिथली एक म्हातारी वाघीण भैयासाहेबांनी बोलीवर आणली आणि आपल्या जुन्या गावी बांबूच्या बनात जाळीचं कुंपण घालून आत सोडली. समोर एक हेला बांधला. हेला म्हणजे म्हशीचं नर वासरू, ज्याचा कोणालाच उपयोग नाही असं. दोरी त्याच्या पुढच्या पायाला होती आणि तिच्यावर गवत टाकून ठेवलं होतं. भैयासाहेब मचाणावर खुर्ची टाकून बसले. पराते आले, सगळं पाहिलं आणि कॅमेरा उचलून दुसऱ्या बाजूला नेला. मला वाटलं, उजेडासाठी नेला असेल.

वाघिणीला हेल्यात काही रस नव्हता. ती जाऊन सावलीत बसली आणि तिनं जांभई दिली. सर्कशीच्या माणसानं जाळीतून बांबू घालून तिला ढोसलं, तेव्हा ती उठली आणि वैतागून हेल्याच्या अंगावर गेली. पुढचं मी पाहिलं नाही. त्या वासराचा आवाज मात्र ऐकला आणि तो अजून ऐकू येतो. दात नसलेल्या वाघिणीला वासरू मारायला फार वेळ लागतो.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. भैयासाहेब सिगारेट पेटवून बसले आणि आम्ही पडद्यावर पाहायला लागलो. पडद्यावर दोरी होती. गवत पायानं बाजूला झालेलं, खुंटा, खुंट्यापासून हेल्याच्या पायापर्यंत ताणलेली दोरी. वाघिणीची जांभई तेवढी नीट आली होती; ती हेल्यावर गेली ती मागे कुठंतरी, कडेला. मग जाळीतून आत आलेला बांबू आणि बांबू धरणारा हात. बाकी सगळं रीळ तसंच.

"पराते, ये क्या है? रस्सी का पिक्चर बनाया?" भैयासाहेबांचा आवाज चढला.

"जे होतं ते आलं."

"मला शिकार पाहिजे होती."

"शिकार नव्हती, भैयासाहेब. तुम्ही बांधलं, मी बांधलेलं दाखवलं. दोरी दिसली पाहिजे. दोरी लपवली का वाघ खोटा होते, हेला खोटा होते अन् पाहणारा येडा होते. तुम्ही एकटेच शहाणे राहता."

त्याच दिवशी त्यांना हाकलायला हवं होतं. पण नागपुरात दुसरा कॅमेरामन नव्हता आणि मुंबईचा परवडणारा नव्हता. भैयासाहेबांनी दोरीचं रीळ कपाटात टाकलं, वाघिणीची जांभई मात्र वेगळी काढून ठेवली. ती का ठेवली, ते पुढं कळलं.

परातेंबरोबर सिनेमाला जाणं हा छळ असायचा. पडद्यावर सापमुंगुसाची झुंज लागली की हे खुर्चीत उभे. "खड्ड्यात टाकले दोघायले, खड्ड्याची भिंत दिसून राहिली," असं मोठ्यानं सांगायचे. मागचे लोक ओरडायचे, खाली बसा. हे त्यांनाच उलट विचारायचे, "पैसे देऊन काहून फसून राहिले?" मी मान खाली घालून बसायचो. मला लाज वाटायची, हेही खरं आहे.

असा हा माणूस गिधाडांच्या नादी लागला.

हुडकेश्वर तेव्हा नागपूरच्या बाहेरचं गाव होतं. आज तिथं फ्लॅटच्या रांगा आहेत. त्याच्या अलीकडे माळावर ढोरफोडी होती, म्हणजे शहरातली मेलेली गुरं नेऊन टाकायची जागा. चामडं काढणारे चामडं काढून नेत आणि बाकीचं गिधाडांचं. माळाच्या उतारावर एक उथळ तळं होतं. तिकडे कोणी सहसा फिरकत नसे. पराते सायकलवर तिकडे जाऊन नुसते बसून यायचे, कॅमेऱ्याशिवाय. त्यांनी भैयासाहेबांकडे परवानगी मागितली तेव्हा मी समोर होतो.

"गिधाडं? ही घाण कोण पाहणार, पराते? लोकांना थरार पाहिजे."

"घाण ते नाही करत, भैयासाहेब. घाण आपण करतो, ते साफ करतात. ते नसते तं हे राजधानी नाक धरून चालवा लागली असती. कोणी त्यायच्याकडे धड पाहिलं नाही अजून. चित्र कायच्यासाठी असते? जे पाहून न पाहिल्यासारखं करते माणूस, ते दाखवाले असते."

भैयासाहेबांनी हात झटकला आणि म्हणाले, घ्या, उरलीसुरली फिल्म घ्या. परातेंनी तो होकार धरला.

त्यांची पद्धत मी त्या वर्षी जवळून पाहिली. बांबूची चौकट, तिच्यावर जुनी पोती, बसायला एक पाट, एवढाच आडोसा. तो तळ्याकाठी उभा केला आणि बरेच दिवस रिकामाच ठेवला. गिधाडं त्याच्यावर येऊन बसायला लागली तेव्हा म्हणाले, आता आपल्याले घरात घेतलं. कॅमेरा चावीचा होता आणि चालताना घरघर करायचा, म्हणून बायकोची जुनी वाकळ कापून त्याला अंगडं शिवलं होतं. आडोशात मात्र एकट्यानं कधी जायचं नाही. दोघांनी जायचं, सगळ्या गिधाडांच्या डोळ्यांदेखत, आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस आला आणि माणूस गेला, एवढंच त्यांना कळतं. मग ती निर्धास्त होतात.

निघून जाणारा तो मी. छत्री हलवत, मोठ्यानं गाणं म्हणत माळावरून चालत जायचं, चांगलं दिसत दिसत, हे माझं काम होतं. मला गाता येत नाही. पराते म्हणायचे, त्यात काही बिघडत नाही, उलट गिधाडायची खात्री पटते.

एकदाच त्यांनी मला आत ठेवून घेतलं. त्या दिवशी आम्ही तिघं गेलो आणि ढोरफोडीवरचा एक माणूस बाहेर पडला. उन्हं चढली तशी गिधाडं उतरायला लागली. आकाशात ठिपकासुद्धा नव्हता आणि बघता बघता माळ भरला. ढकलाढकली, फिस्कारणं, पंखांची फडफड. मग एक लाल मानेचं राजगिधाड एकटंच उतरलं आणि बाकीची मागे सरकली. त्याचं होईपर्यंत थांबली. मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो. परातेंनी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांना हे नको होतं. हे सगळ्यांना माहीत असतं, असं ते म्हणत.

खाणं संपल्यावर ती पंख उघडून धावत तळ्याकडे आली. पाण्यात पोटापर्यंत शिरली आणि अंघोळ करायला लागली. मान बुडवून, पंख आपटून, पुन्हा पुन्हा. मग काठावर येऊन सगळ्यांनी उन्हात पंख पसरले आणि तशीच उभी राहिली, ओळीनं, डोळे मिटून. आता चावी फिरली. परातेंनी एका पक्ष्यावर कॅमेरा धरला आणि चावी संपेपर्यंत सोडला नाही. हलवला नाही, जवळ नेला नाही. पुन्हा चावी भरली, पुन्हा तेच.

"दुसरीकडे नाही फिरवत?" मी कुजबुजलो.

"मधात तोडू नाही. ते जेवढा वेळ करते तेवढा वेळ पाहावं माणसानं." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जेवल्यावर रोज अंघोळ करतात, लेखक. बायकोले सांगतलं तं तिले पटत नाही. म्हणूनच तं काढून राहिलो."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती फिल्म अशी होती की तिला वेगळी निगेटिव्ह नसायची. कॅमेऱ्यातून जी पट्टी गेली तीच धुतली की चित्र तयार. दुसरी प्रत काढायची तर मुद्दाम काढावी लागे आणि ती भैयासाहेब काढत नसत. तेव्हा ती पट्टी एकच. ती गेली की ते दृश्य गेलं.

मुंबईहून फिल्म धुऊन यायला फार वेळ लागायचा. काळे पंख आणि चमकणारं पाणी एकत्र नीट उमटतं की नाही, याची परातेंना धास्ती होती. म्हणून अंघोळीचं एक रीळ त्यांनी घरीच बादल्यांत धुतलं आणि पहाटे वाळवायला बाहेर आणलं. तांडापेठेच्या गल्लीत रोज सकाळी पाजणी चालायची. मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत गल्लीभर लांब ताणायचं आणि त्याच्यावर कुंच्यानं खळ फिरवायची, म्हणजे सुताला बळ येतं. गल्लीतून त्या वेळी सायकलसुद्धा जाऊ देत नाहीत. परातेंनी घरच्याच पाजणीच्या काठ्यांवर ओली फिल्म ताणली आणि चहा प्यायला आत आले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा त्यांचे वडील हातात कुंचा घेऊन फिल्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ लावत होते.

म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. गल्लीत काठ्यांवर ताणलेलं काही हाताला लागलं की हात आपोआप चालायचे.

"बाबा, काय करून राहिले?"

"पाजणी करून राहिलो. कायचं सूत आणलं गा मोऱ्या तू? नुसतं बुळबुळीत लागते. दोन हात फिरवले तरी बसत नाही."

मी डोळे मिटून घेतले. ओल्या फिल्मवरचा थर सायीसारखा मऊ असतो आणि त्याच्यावरून कुंचा गेला होता, लांबच्या लांब. परातेंचा राग मला ठाऊक होता. पण ते उंबऱ्यावर बसले आणि बापाकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातला कुंचा अलगद काढून घेतला.

"चांगली झाली पाजणी, बाबा. बसा आता. चहा घ्या."

ती पट्टी त्यांनी पाण्यानं निथळून, वाळवून, डब्यात घालून घरीच ठेवली. बाकीची सगळी रिळं मुंबईला गेली, धुऊन आली आणि सीताबर्डीच्या माडीवर भैयासाहेबांच्या कपाटात जमा झाली. पराते खूष होते. चांगला अर्ध्या तासाचा ऐवज होता. निवेदन मला लिहायला सांगितलं होतं आणि त्यात विशेषण एकही नको अशी तंबी दिली होती. मी तसं लिहिलंही. एका पानात मावलं.

ते पान कोणी वाचलं नाही. भैयासाहेबांनी मुंबईहून एक माणूस बोलावून रिळं त्याच्या हवाली केली आणि आम्हाला थेट आमंत्रणपत्रिकाच मिळाल्या. 'रानाचा धनी', एका थेटरात सकाळचा खेळ, मोठमोठे अधिकारी, कॉलेजांचे प्राचार्य, रेशमी साड्यांतल्या बायका. पराते धुतलेला सदरा घालून आले होते. आम्ही बरेच मागे बसलो.

वाघ होता. म्हणजे ती वाघीण होती आणि तिच्या जांभईवर डरकाळी चिकटवली होती. मग गिधाडं आली. सुकलेल्या झाडावर बसलेली, ढोलाच्या तालावर वळून पाहणारी. 'यमदूत जमू लागले' असं निवेदक म्हणाला. मग एक जखमी हरीण, कुठल्याशा दुसऱ्या चित्रातून आणलेलं. आणि मग पंख उघडून धावत निघालेला गिधाडांचा थवा. 'असहाय जिवावर तुटून पडले.' मी परातेंकडे पाहिलं. ती गिधाडं तळ्याकडे धावत होती. पुढच्या क्षणी ती पाण्यात शिरणार होती, पण तिथंच कात्री लागली होती.

पराते उठले ते सरळ पडद्यापुढे गेले. त्यांची सावली गिधाडांवर पडली.

"बंद करा हे. मायबाप हो, ऐका. या वाघिणीले दात नाही, सर्कशीतली आहे. जांभई दिली तिनं. अन् हे गिधाडं कोणावर तुटून पडून नाही राहिले. अंघोळीले जाऊन राहिले. म्या सोता पाहिलं. पुढची फिल्म यायनं कापली."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी हसलं, "अंघोळीला," आणि अख्खं थेटर हसायला लागलं. प्राचार्य हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. यमदूत त्यांनी निमूट ऐकून घेतले होते. अंघोळीला मात्र ते हसले. दोन दारवान आले आणि परातेंना दंड धरून बाहेर घेऊन गेले. मी मागून गेलो. इतकी शिकलेली माणसं एका खऱ्या वाक्याला हसताना मी पाहिली, आणि त्यांच्यातल्या कोणाबद्दलही मला आजतागायत आदर वाटलेला नाही.

खेळ संपल्यावर भैयासाहेब पायऱ्यांवर भेटले. परातेंनी एकच विचारलं, "उरलेली फिल्म कुठी आहे?"

"कोणती उरलेली? कचरा होता, विकला."

फिल्मवर चांदी असते. ती काढून घेणारा एक माणूस इतवारीत होता. आम्ही तसेच सायकलवर तिकडे गेलो. अंगणात भट्टीवर मोठी काहील चढलेली होती आणि दोरीवर धुतलेल्या पट्ट्या लटकत होत्या, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या. चांदी काढून झाली होती. तो माणूस सज्जन होता, म्हणाला, या पट्ट्याही विकल्या जातात, खेळण्यांना लागतात. परातेंनी एक पट्टी हातात घेतली, उजेडात धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण इतका संताप मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"आता लिही, लेखक. आता तुह्याजवळ जेवढे शब्द असतीन तेवढे लाव."



भैयासाहेबांच्या त्या चित्राला बक्षीस मिळालं. कोणाचं आणि कसलं, ते मी सांगत नाही, सांगण्याच्या लायकीचं नाही. ते बरीच वर्षं शाळांतून फिरलं. हजारो पोरांनी गिधाड म्हणजे काय, हे त्यातून शिकून घेतलं. काही वर्षांनी नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, माणसं भोपाळला नाही तर मुंबईला निघाली. भैयासाहेबही गेले. कापडदुकानदारानं माडीवर रंगाचे डबे ठेवायला सुरुवात केली. मी शाळेत मास्तर झालो. पराते खापरखेड्याच्या वीजघराच्या वसाहतीत कामगारांना सिनेमे दाखवायच्या कामावर लागले, असं कळलं.

बऱ्याच दिवसांनी, एका शनिवारी मी त्यांना भेटायला गेलो. ते वाळले होते आणि डोक्यावरचे केस गेले होते. वडील वारले होते. मला पाहून आनंद वगैरे काही दाखवला नाही. म्हणाले, "आला का? बस. खेळ आहे." दिवेलागणीला क्वार्टरांमधल्या मोकळ्या जागेत बायापोरं सतरंज्या टाकून बसली. समोर चुन्यानं पांढरी केलेली भिंत. मुख्य चित्राच्या आधी परातेंनी एक लहानसं रीळ चढवलं.

भिंतीवर तळं आलं आणि तळ्यात गिधाडं. ती अंघोळ करत होती आणि सगळ्या चित्रावर वरपासून खालपर्यंत उभ्या पांढऱ्या रेघा पडत होत्या. कुंच्याच्या. आवाज नाही, निवेदन नाही. ती खळ लागलेली पट्टी घरी राहिली होती म्हणूनच वाचली होती. चांगली होती ती सगळी भट्टीत गेली.

एक फ्रॉकातली मुलगी उठून यंत्रापाशी आली. "काका, पाऊस पडून राहिला का?"

"पाऊस नाही वं. मह्या बापाले दिसत नव्हतं, त्यानं त्याच्यावर खळ लावली. ते ओरखडे आहेत. पक्षी मात्र खरे आहेत."

हे ते दर शनिवारी सांगत, असं मला शेजारच्या बाईनं सांगितलं. मी त्यांना म्हणालो, "परातेजी, दर वेळी चालवली की ही पट्टी झिजणार. एकच आहे. जपून ठेवा."

"पेटीत ठेवून काय लोणचं घालू तिचं?" ते उसळले. "पाह्यसाठी काढली, पाहून झिजू दे."

मुलगी अजून तिथंच उभी होती. "काका, हे पक्षी कुठी राहतात?"

आता मात्र ते खरे चिडले. त्यांनी यंत्र थांबवलं. "कुठी राहतात म्हंजे? रोज तुह्या डोक्यावर असतात. कधी वर पाह्यलं नाही? उद्या उन्हं चढल्यावर ये सगळ्यायले घेऊन. भिंतीवर काय पाहून राहिले, आभाळात पाहा ना."

रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी बसची वाट पाहत फाट्यावर उभा होतो. तिथून वसाहतीचं मैदान दिसायचं. पंधरावीस पोरं मधोमध गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या माना वर. त्यांच्यामध्ये पराते, कमरेवर हात ठेवून. वर कन्हान नदीच्या बाजूनं गिधाडं आली होती आणि मोठ्ठ्या घेऱ्यांत फिरत होती. एका पोरानं बोट वर केलं आणि परातेंनी त्याच्या हातावर चापट मारून तो खाली घेतला. बस आली, मी चढलो. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला, "बोट नको दाखवू. चूप राह्य अन् नुसता पाह्य." ती माझी त्यांच्याशी शेवटची भेट. पुढं ते गेल्याचं कळलं तेव्हा क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळालं होतं. पट्टीबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं.

गिधाडंही गेली. गुरांना टोचायच्या कुठल्याशा औषधानं मेली म्हणतात, मेलेल्या जनावरातून ते त्यांच्या पोटात गेलं. माळचे माळ रिकामे झाले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. यमदूतच ते, गेले तर गेले.

परवा टीव्हीवर पुन्हा ढोल वाजायला लागले तेव्हा मी ओट्यावर येऊन बसलो. नातू मागून आला. मी मान वर करून काय पाहतोय, असं त्यानं विचारलं. मी त्याला गिधाडांची अंघोळ सांगायला लागलो. पाण्यात कशी शिरतात, मान कशी बुडवतात, पंख कसे वाळवतात. तो हसायला लागला.

"गिधाडं अंघोळ करतात? काहीही सांगता तुम्ही, आजोबा."

मी त्याच्या हाताला धरून वर पाहायला लावलं. आभाळ कोरं होतं. दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं.